दोन डोस, 14 दिवस आणि वानखेडेचं दार: डिसेंबर 2021 च्या कसोटीचा प्रकरण अभ्यास

3 डिसेंबर 2021, शुक्रवार. वानखेडेवर भारत आणि न्यूझीलंड यांची दुसरी कसोटी. या मैदानावर आधीची कसोटी डिसेंबर 2016 मध्ये इंग्लंडविरुद्ध झाली होती. त्यानंतर पाच वर्षं मुंबईकरांनी घराजवळ कसोटी पाहिली नव्हती. 2021 च्या एप्रिलमध्ये इथेच झालेले आयपीएलचे सामने रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळले गेले. आता प्रेक्षक परत येणार होते, पण क्षमतेच्या 25 टक्केच आणि कोविड लसीचे दोन्ही डोस झालेलेच.

वानखेडेची क्षमता सुमारे 33,000 आहे. चौथा हिस्सा म्हणजे दिवसाला साधारण 8,000 माणसं. आकडा छोटा वाटतो, पण नेहमीच्या सामन्यात दारावर तिकीट आणि झडती एवढंच असतं. इथे त्याच्या आधी आणखी एक तपासणी आली, आणि ती यंत्राने एका झटक्यात होणारी नव्हती. माणसाने कागद वाचायचा, ओळखपत्र बघायचं, चेहरा बघायचा आणि मनातल्या मनात तारखेचा हिशेब करायचा. हे सगळं सकाळी साडेनवाच्या पहिल्या चेंडूआधी, चर्चगेटच्या बाजूच्या अरुंद रस्त्यांवर.

या तपासणीत प्रश्न तीनच असतात. कागद खरा आहे का? तो याच माणसाचा आहे का? आणि तारीख बसते का? बहुतेक दारांवर सगळा जोर पहिल्या प्रश्नावर जातो, कारण क्यूआर कोड स्कॅन केला की तपासणी केल्यासारखी दिसते. खरी गळती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात होते. म्हणून या लेखात त्या दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

आदेशात काय होतं

कोविडच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेने 26 नोव्हेंबर 2021 ला नाव दिलं आणि दुसऱ्याच दिवशी, 27 नोव्हेंबरला, महाराष्ट्र शासनाचा नवा आदेश निघाला. म्हणजे सामन्याला जेमतेम सहा दिवस राहिले असताना. बंदिस्त जागेत 50 टक्के आणि मोकळ्या जागेत 25 टक्के उपस्थिती, आणि कुठल्याही कार्यक्रमाला, तिकीट असो वा नसो, पूर्ण लसीकरण झालेल्यांनाच प्रवेश. यात फक्त प्रेक्षक येत नव्हते. खेळाडू आणि सेवा पुरवणारे सगळे येत होते, म्हणजे वडापावच्या स्टॉलवरचा पोऱ्या, सफाई कामगार, माळी आणि खुद्द दारावर तपासणी करणारा माणूससुद्धा. तपासणाऱ्यांचीच तपासणी आदल्या दिवशी उरकून त्यांना वेगळ्या रंगाचा बिल्ला द्यावा लागतो. नाहीतर पहिल्या तासातच एखादा प्रेक्षक विचारतो, ‘तुमचे झालेत का दोन डोस?’ आणि तिथे गप्प राहावं लागलं की पुढे कुणी ऐकत नाही.

‘पूर्ण लसीकरण’ या शब्दांत तीन प्रकारची माणसं बसत होती. दोन्ही डोस घेऊन दुसऱ्याला 14 दिवस उलटलेली व्यक्ती. वैद्यकीय कारणाने लस घेता येत नाही असा डॉक्टरांचा दाखला असलेली व्यक्ती. आणि 18 वर्षांखालची मुलं. (15 ते 18 वयोगटाची लस 3 जानेवारी 2022 ला सुरू झाली, त्यामुळे त्या आठवड्यात मुलांकडे प्रमाणपत्र असण्याचा प्रश्नच नव्हता.)

पुरावा म्हणून दोन्ही डोस झालेल्यांना मिळणारा राज्याचा युनिव्हर्सल पास चालत होता. तो नसेल तर केंद्राच्या कोविन पोर्टलचं लस प्रमाणपत्र आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र. मुलांना शाळेचं किंवा सरकारी ओळखपत्र. दंडही लिहून ठेवला होता. कोविडचे नियम मोडणाऱ्या व्यक्तीला 500 रुपये, ज्या संस्थेच्या आवारात ते मोडले गेले तिला 10,000, आणि संस्थेने स्वतःच नियम पाळले नाहीत तर 50,000.

एक गोष्ट आदेशात दोन ठिकाणी वेगवेगळी होती आणि तिच्यावरून दारावर हुज्जत होणं ठरलेलंच होतं. परराज्यातून महाराष्ट्रात येणाऱ्याला दोन डोस नसतील तर 72 तासांतला आरटीपीसीआर अहवाल चालत होता. सामन्याला तो चालत नव्हता. म्हणजे सुरतेहून आलेला माणूस निगेटिव्ह अहवाल दाखवून राज्याची हद्द रीतसर ओलांडतो आणि तोच कागद वानखेडेच्या दारात निरुपयोगी ठरतो. त्याच्या दृष्टीने शासनाने एकदा हो म्हटलेलं असतं. हा फरक तिकिटासोबतच्या संदेशात ठळक लिहिला नाही, तर तो रांगेच्या तोंडाशी, दोनशे माणसांसमोर समजावत बसावा लागतो.

तारखेचं गणित गेटवर करू नये

14 दिवस उलटले का, हे घाईत बोटांवर मोजायला गेलं की चुकतं. महिना बदलला की जास्तच. यावर उपाय साधा आहे. मोजणी आदल्या रात्री करून ठेवायची आणि गेटवर फक्त एक तारीख टांगायची. 3 डिसेंबरच्या सामन्यासाठी पाटी होते: ‘दुसरा डोस 19 नोव्हेंबर किंवा त्याआधी’. बाकी काही नाही. तपासणाऱ्याने फक्त पाहायचं की समोरची तारीख पाटीवरचीच किंवा तिच्या आधीची आहे का.

कसोटी पाच दिवसांची असल्यामुळे पाटी रोज बदलते. 4 डिसेंबरला 20 नोव्हेंबर, 5 ला 21, 6 ला 22 आणि 7 ला 23. कालची पाटी आज राहिली तर एका दिवसाचे पात्र प्रेक्षक उगाच परत जातात. म्हणून दरवाजे उघडण्याआधी पर्यवेक्षकाच्या यादीत पाटी बदलणं हे पहिलं काम असावं. शिवाय 14 वा दिवस धरायचा की 15 वा, हा प्रश्नही सगळ्या दारांसाठी एकदाच सुटलेला हवा. एका दारावर 19 चालते आणि दुसऱ्यावर 18 लागते असं झालं, तर दहा मिनिटांत फोनाफोनी होऊन सगळी गर्दी सैल दाराकडे वळते.

हे गणित उलट चालवून पाहिलं की कोण बाहेर राहणार हे आधीच कळतं. कोविशिल्डच्या दोन डोसांत तेव्हा किमान 84 दिवसांचं अंतर होतं. म्हणजे पहिल्या दिवशी आत यायचं तर पहिला डोस 27 ऑगस्टपर्यंत झालेला हवा. ज्याने 28 ऑगस्टला पहिला घेतला, त्याला दुसरा लवकरात लवकर 20 नोव्हेंबरला मिळणार, त्यामुळे शुक्रवार चुकणार आणि शनिवार मिळणार. कोवॅक्सिनला 28 दिवसांचं अंतर असल्यामुळे तिथे सीमारेषा 22 ऑक्टोबरपर्यंत पुढे सरकते. सप्टेंबरमध्ये कोविशिल्डचा पहिला डोस मिळालेला कॉलेजचा पोरगा या पूर्ण सामन्यात आत येऊ शकत नव्हता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. तिकीट विकतानाच ही तारीख ठळक लिहिली असती तर त्याचे पैसे आणि गेटवरचे दोन मिनिटं दोन्ही वाचले असते.

कोविनच्या अंतिम प्रमाणपत्रावर पहिल्या आणि दुसऱ्या डोसच्या तारखा जवळजवळ असतात. घाईत नजर पहिल्या तारखेवर पडते आणि ती नेहमीच जुनी, म्हणजे ‘बसणारी’ असते. ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती माणसाला आत सोडते, अडवत नाही. म्हणून तपासणाऱ्याला सवय लावायची की तोंडाने ‘दुसरा’ म्हणायचं आणि मगच तारीख वाचायची. ऐकायला बाळबोध वाटतं, पण उपयोगी पडतं.

कागद खरा आहे का

कोविनच्या क्यूआर कोडमध्ये कुठल्या संकेतस्थळाचा पत्ता नसतो. प्रमाणपत्रातली माहितीच डिजिटल सही करून त्यात भरलेली असते. म्हणून तो कोड इतका दाट दिसतो. तो तपासायचा तर कोविनचं व्हेरिफाय पान उघडून, त्यातल्या स्कॅनच्या बटणाने कॅमेरा चालू करून वाचावा लागतो. सही जुळली तर नाव, वय, लस आणि तारीख अशी माहिती पडद्यावर येते. नाही जुळली तर प्रमाणपत्र अवैध असल्याचा संदेश.

मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्याने तोच खरा कोड वाचला तर समजत नाही असा अक्षरांचा गिचमिड मजकूर दिसतो. उलट बनावट कागदावरच्या कोडमध्ये एखादा वेब पत्ता असू शकतो, आणि तो उघडला की कोविनसारखंच दिसणारं, हिरवी खूण असलेलं पान समोर येतं. म्हणजे ज्याला हे माहीत नाही तो खरा कागद संशयास्पद ठरवतो आणि खोटा पास करतो. प्रशिक्षणात हे करून दाखवायला पाच मिनिटं पुरतात. एक खरा कोड आणि एक वेब पत्त्याचा कोड शेजारी ठेवायचे, दोन्ही साध्या कॅमेऱ्याने वाचायचे, मग दोन्ही व्हेरिफाय पानावर. एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुन्हा फसत नाही.

दाट कोडची दुसरी बाजू म्हणजे तो वाचायला कुरकुरतो. फुटलेली काच, कमी ठेवलेला ब्राइटनेस, व्हॉट्सअ‍ॅपवरून चार वेळा फिरून पुसट झालेला फोटो, लॅमिनेशनवर पडणारी सूर्याची तिरीप, ही नेहमीची कारणं. सगळ्यात त्रासदायक म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून करून आणलेलं पीव्हीसी कार्ड. ए-फोर कागदावरचा कोड एटीएम कार्डाच्या मापात बसवताना नखाएवढा होतो आणि कितीही धरा, वाचला जात नाही. अशा वेळी कार्डाशी झटापट न करता मूळ पीडीएफ मागायची.

मग प्रत्येक कोड स्कॅन करायचा का? आठ हजार माणसांसाठी ते परवडत नाही, याचा हिशेब पुढे येईलच. आमच्या मते चांगला तोडगा म्हणजे नजरेने सगळ्यांचे कागद पाहायचे, दर दहातला एक ठरावीक क्रम न पाळता स्कॅन करायचा, आणि संशय आला तर हमखास करायचा. संशयाच्या जागा ठरलेल्या असतात. नावाच्या ओळीचा टंक इतर ओळींपेक्षा वेगळा किंवा किंचित वरखाली. 16 जानेवारी 2021 च्या आधीची तारीख, कारण त्या दिवशी देशात लसीकरण सुरू झालं. कोविशिल्डच्या दोन डोसांत फार कमी अंतर.

या शेवटच्या खुणेत मात्र एक मेख आहे. सुरुवातीला कोविशिल्डचं अंतर 28 दिवसांपासून होतं, मार्च 2021 मध्ये ते सहा ते आठ आठवडे झालं आणि 13 मे ला 12 ते 16 आठवडे. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत लस घेतलेल्या नर्सबाई, पोलीस हवालदार यांच्या कागदावर महिन्याचंच अंतर असतं आणि ते अगदी खरं असतं. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांनाही नंतर 28 दिवसांनी दुसरा डोस घेण्याची मुभा दिली गेली होती. कमी अंतर दिसलं की स्कॅन करावं, थेट अडवू नये.

माणूस तोच आहे का

कोविनच्या प्रमाणपत्रावर धारकाचा फोटो नव्हता. फोटो होता तो पंतप्रधानांचा. म्हणजे ओळखपत्राशिवाय हा कागद कुणाचाही असू शकतो. भावाचा, रूममेटचा, ऑफिसातल्या मित्राचा. बनावट कागद तयार करण्यापेक्षा दुसऱ्याचा खरा कागद दाखवणं कितीतरी सोपं आहे, आणि तो स्कॅन केला तर हिरवाच येतो. म्हणून स्कॅनर महागाचा असो वा फुकटचा, ओळखपत्र पाहिलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा. आधी मास्क दोन सेकंद खाली, चेहरा आणि ओळखपत्रावरचा फोटो. मग ओळखपत्रावरचं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव. मग वय. प्रमाणपत्रावर लस घेताना दाखवलेल्या ओळखपत्राच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे असतात. माणूस तेच ओळखपत्र घेऊन आला असेल तर ते चार आकडे जुळवणं हा सगळ्यात पक्का आणि सगळ्यात जलद मार्ग. तिकिटाच्या संदेशात ‘लस घेताना दाखवलेलं ओळखपत्रच आणा’ एवढं एक वाक्य घातलं की दारावरचं निम्मं काम हलकं होतं.

नावांचा घोळ मराठी माणसाला सांगायला नको. आधारवर ‘श्रीकांत’ एका स्पेलिंगने, लायसन्सवर दुसऱ्या. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे गायब. लग्न झालेल्या बाईच्या आधारवर माहेरचं नाव आणि पॅन कार्डवर सासरचं. लसीकरण केंद्रावर गर्दीत टाइप करताना झालेल्या चुका वेगळ्याच. गेटवरच्या वीस वर्षांच्या मुलावर यातला निर्णय सोडला तर तो एकतर सगळ्यांना सोडेल किंवा सगळ्यांना अडवेल. म्हणून नियम आधी लिहून द्यावा. नावाच्या तीन भागांपैकी दोन जुळावेत, क्रम कसाही चालेल. एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक सोडून द्यावा. वयात एका वर्षाचा फरक चालेल. शेवटचे चार आकडे जुळत असतील तर नावाच्या फरकाकडे पाहू नये. यात न बसणारं प्रकरण बाजूच्या टेबलावर पाठवावं. रांगेत त्यावर चर्चा करू नये.

युनिव्हर्सल पासाने हे काम बरंच सोपं केलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये लोकलसाठी सुरू झालेल्या या पासावर धारकाचा स्वतःचा फोटो असायचा, आणि तो दुसऱ्या डोसला 14 दिवस झाल्यावरच निघायचा. म्हणजे माणूस आणि तारीख हे दोन्ही प्रश्न एकाच पडद्यावर सुटतात. त्याची कच्ची बाजू एवढीच की फोटो धारकाने स्वतःच चढवलेला असतो आणि लोक बहुतेकदा स्क्रीनशॉट दाखवतात. चेहऱ्याबद्दल किंचितही शंका आली तर सोबत ओळखपत्र मागावं.

इथे मुंबईची एक खास गोष्ट कामाला येते. त्या काळात लोकलमध्ये दोन डोसवाल्यांनाच प्रवास करता येत होता. म्हणजे चर्चगेट स्थानकातून चालत येणारा प्रेक्षक आधीच एका चाळणीतून गेलेला असतो आणि त्याच्या फोनमध्ये पास तयार असण्याची शक्यता जास्त. मरीन ड्राइव्हच्या बाजूने गाडीने येणाऱ्यांकडे तो असेलच असं नाही. दारांवर माणसं वाटताना हा फरक धरावा. स्थानकाकडच्या दारांवर गर्दी जास्त पण दरडोई वेळ कमी, समुद्राकडच्या दारांवर माणसं कमी पण प्रत्येकाला वेळ जास्त.

रांगेचा हिशेब

समजा 8,000 पैकी 60 टक्के माणसं खेळ सुरू होण्याआधीच्या एका तासात येतात. म्हणजे 4,800, मिनिटाला 80. प्रत्येकाचा कोड स्कॅन करून ओळखपत्र पाहायला 20 सेकंद धरले, तर एका रांगेतून मिनिटाला तीन माणसं सुटतात आणि 27 रांगा लागतात. तेवढी जागा तिथे नाही आणि तेवढी शिकलेली माणसंही एका आठवड्यात उभी राहत नाहीत. नजरेने कागद, ओळखपत्र, चेहरा आणि तारीख एवढंच पाहिलं तर आठ सेकंद पुरतात. मिनिटाला साडेसात, म्हणजे 11 रांगा. एक राखीव धरून 12.

आठ सेकंद मात्र तेव्हाच, जेव्हा समोरच्या माणसाच्या हातात सगळं तयार असतं. तोंडाशी आल्यावर फोन काढणं, लॉक उघडणं, गॅलरीत चारशे फोटोंमधून प्रमाणपत्र शोधणं, मग पाकिटातून आधार काढणं, यात सहज मिनिट जातं आणि त्या मिनिटात सगळ्या रांगांमागे मिळून 80 माणसं वाढतात. दहा मिनिटांची तुंबण म्हणजे 800 माणसं, आणि एकेक मीटर अंतराने उभी केली तर पाऊण किलोमीटरहून लांब ओळ. ज्या अंतरासाठी हा सगळा खटाटोप, ते तिथेच मोडतं.

म्हणून तपासणाऱ्याइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे रांगेत पंधरा-वीस पावलं मागे उभा राहून हाकारा देणारा. त्याचं वाक्य ठरलेलं असावं: ‘पीडीएफ उघडा, दुसऱ्या डोसची ओळ मोठी करा, ब्राइटनेस वाढवा, ओळखपत्र दुसऱ्या हातात धरा.’ ए-फोरची पीडीएफ फोनवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी दिसतात, ती मोठी करून ठेवण्याचं काम रांगेतच व्हायला हवं. दोन रांगांमागे असा एक माणूस, चार रांगांमागे एक अडचण टेबल आणि तिथे दोन माणसं, वर दोन पर्यवेक्षक आणि बदलीला चार. एकूण 30. यात पोलीस आणि झडतीची माणसं धरलेली नाहीत, त्यांच्यावर हे काम टाकूही नये.

तपासण्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी लस आणि ओळख, मग तिकीट, मग झडती. तिकीट आधी स्कॅन झालं आणि लसीवर माणूस अडला, तर त्याचं तिकीट ‘वापरलेलं’ ठरतं आणि परताव्याचा वाद वाढतो. झडतीनंतर अडला तर त्याला गर्दीच्या उलट्या दिशेने बाहेर काढावं लागतं.

अडचण टेबल

रांगेत 30 सेकंदांत न सुटणारं प्रत्येक प्रकरण इथे यायला हवं. टेबल रांगेपासून दहा-बारा पावलं दूर, सावलीत, चार्जर आणि चालू नेट असलेलं.

सगळ्यात जास्त गाऱ्हाणं असतं ते ‘प्रमाणपत्र घरी राहिलं’ हे. ते तेव्हा केंद्र सरकारच्या मायगव्हच्या 9013151515 या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावरून पाच मिनिटांत उतरवता यायचं. संदेश पाठवायचा, ओटीपी द्यायचा, यादीतून नाव निवडायचं. डिजिलॉकर आणि आरोग्य सेतूमधूनही मिळायचं. गाडी अडते ती ओटीपीवर. कोविनमध्ये तेव्हा एका मोबाइल क्रमांकावर चार जणांची नोंदणी होत होती आणि घरोघरी सगळ्यांची नोंदणी एकाच्याच फोनवरून झालेली. मुलगा वानखेडेच्या दारात आणि ओटीपी डोंबिवलीत आईच्या फोनवर. मग आईला फोन लावायचा, तिने चष्मा शोधायचा, सहा आकडे वाचून दाखवायचे, तोवर ओटीपीची मुदत संपते. टेबलावरच्या माणसाने आधी फोन लावायला सांगावा, आई फोन हातात घेऊन बसली की मगच ओटीपी मागवावा. उलट केलं की दोन-तीनदा तेच करावं लागतं.

युनिव्हर्सल पास दारावर नव्याने काढत बसू नये. फोटो चढवणं, संदेशाची वाट पाहणं यात वेळ जातो. कोविनचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पुरेसं आहे.

यापेक्षा अवघड गाठ म्हणजे दोन पहिले डोस. दुसऱ्या डोसला वेगळा मोबाइल किंवा वेगळं ओळखपत्र दिलं गेलं की कोविन ते नवीन माणसाचा पहिला डोस समजतं. हातात दोन तात्पुरती प्रमाणपत्रं, अंतिम एकही नाही. कोविनवर ती एकत्र करण्याची सोय होती, पण ते काम गेटवर होत नाही. या माणसाने दोन्ही डोस खरोखर घेतलेले असतात. दोन्ही कोड स्कॅन होऊन खरे निघाले, नाव-वय जुळलं, अंतर लसीप्रमाणे बसलं आणि दुसरी तारीख पाटीच्या आतली असेल, तर पर्यवेक्षकाने आत सोडावं, असा अधिकार त्याला आधी लेखी द्यावा. ऐनवेळी कुणी वरिष्ठाला फोन लावत बसलं की तोवर उपाहाराची वेळ होते.

डॉक्टरांच्या दाखल्यात लस घेता येत नाही असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘उपचार चालू आहेत’ पुरत नाही. गरोदर स्त्रियांना जुलै 2021 पासून लस खुली होती, त्यामुळे ते कारण आपोआप सूट ठरत नाही. सगळ्यात वाईट वाटतं ते कोविड होऊन गेलेल्यांबद्दल. बरं झाल्यावर तीन महिने लस पुढे ढकला, हा सरकारी सल्लाच होता. सप्टेंबरमध्ये आजारी पडलेल्या माणसाने तो पाळला तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा दुसरा डोस बसत नाही, आणि आदेशात त्याच्यासाठी वेगळी सूट नव्हती. त्याला आत घेता येत नाही. त्याच्याशी बोलताना निदान हे मान्य करावं की त्याने सांगितलं तेच केलं आहे.

पाच दिवस, जे चार झाले

सामन्याआधी मुंबईत अवकाळी पाऊस झाला. मैदान ओलं राहिल्यामुळे शुक्रवारी नाणेफेक लांबली आणि खेळ दुपारी 12 ला सुरू झाला. दारासाठी अशी दिरंगाई दुधारी असते. येणारी गर्दी अडीच तासांत पसरते हे बरं. पण आत जाऊन करायचं काय, म्हणून लोक बाहेरच थांबतात आणि ‘बारा वाजता सुरू’ अशी बातमी आली की एकदम दाराकडे सरकतात. दारं मूळ वेळेलाच उघडून माणसांना आत घेत राहणं केव्हाही चांगलं. ओल्या हवेत आणखी दोन गोष्टी लागतात. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी छत, आणि पडदा पुसायला कोरडा कपडा. ओल्या पडद्यावर कोड वाचला जात नाही आणि ओल्या बोटाने फोन उघडत नाही. छपाई करून आणलेले कागद भिजून शाई पसरते, ते वेगळंच.

शनिवारी न्यूझीलंडच्या एजाझ पटेलने, याच मुंबईत जन्मलेल्या मुलाने, डावातले दहाच्या दहा बळी पूर्ण केले, 119 धावांत. अशा दिवशी अर्ध्या दिवसाने येणाऱ्यांची लाट येऊ शकते, हे धरून पहिल्या सत्रानंतर रांगा बंद करू नयेत. निदान चार चालू ठेवाव्यात.

पाच दिवसांचं तिकीट असलेल्यांचं काय? दुसऱ्या डोसला एकदा 14 दिवस उलटले की ती पात्रता सामना संपेपर्यंत जात नाही. त्यामुळे त्याच माणसाचा कागद रोज नव्याने स्कॅन करण्यात अर्थ नाही. तिकिटावर तपासणी झाल्याचा शिक्का आणि रोज फक्त ओळखपत्र, एवढं पुरतं. मनगटाचे कागदी पट्टे मात्र रोज वेगळ्या रंगाचे द्यावेत आणि ते गेटवरच्या माणसाने स्वतः चिकटवावेत. हातात दिलेला सैल पट्टा कंपाउंडच्या जाळीतून बाहेरच्या मित्राकडे जायला वेळ लागत नाही.

रविवारी सुट्टीची गर्दी आणि मुलं जास्त. लहान मुलाकडे शाळेचं ओळखपत्र नसेल तर आधार चालतो. त्यात खरी शंका फक्त 17-18 च्या सीमेवरच्या मुलांची, तिथे जन्मतारीख पाहावी. सोमवारी, 6 डिसेंबरला, खेळ पहिल्या तासाभरातच संपला आणि भारत 372 धावांनी जिंकला. मंगळवारची ‘23 नोव्हेंबर’ची पाटी लागलीच नाही.

ज्याला परत पाठवायचं

तपासणाऱ्याने नियमाची बाजू मांडत बसू नये. नियम योग्य का, यावर पुढे बराच खल झाला. राज्याने 31 मार्च 2022 ला निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला आणि गुढीपाडवा मोकळा गेला. 2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लस घेण्याची सक्ती कुणावर करता येत नाही आणि लस न घेतलेल्यांवर सार्वजनिक ठिकाणी घातलेले निर्बंध तेव्हाच्या माहितीवरून प्रमाणाबाहेरचे ठरतात. यातलं काहीही डिसेंबरच्या त्या सकाळी गेटवर ठरणार नव्हतं. तिथे एवढंच सांगायचं: कुठला कागद कमी आहे, तो आणला तर कुठल्या दाराने यायचं, आणि आज जमणारच नसेल तर पैशांसाठी कुठे जायचं. हे तीन मुद्दे छापलेली चिठ्ठी हातात द्यावी. तोंडी सांगितलेलं रागात ऐकू येत नाही. कुटुंबातला एकच जण अडला असेल तर बाकीच्यांना आत ढकलू नये, त्यांना बाजूला बसून ठरवायला पाच मिनिटं द्यावीत. ग्रुपमधल्या एकाला बाहेर ठेवून पुढे गेलेली मंडळी थोड्या वेळाने दाराशी परत येतात आणि मग आतून बाहेर असा नवा गोंधळ होतो.

प्रमाणपत्रांचे फोटो काढू नयेत, झेरॉक्स मागू नये, गेटच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘हे चालेल का’ म्हणून कुणाचं आधार टाकू नये. हे शेवटचं सगळ्यात जास्त घडतं आणि ते करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला फक्त उत्तर हवं असतं. टेबलावर पर्यवेक्षक हजर असला की ती वेळच येत नाही. वहीत लिहायचे ते आकडे तीन: किती सोडले, किती टेबलावर पाठवले, किती परत गेले आणि कशामुळे. नावं नाहीत. दिवस संपल्यावर स्कॅन करणाऱ्या फोनमधली गॅलरी आणि डाउनलोडचा फोल्डर पर्यवेक्षकाने स्वतः उघडून पाहावा, चुकून काढलेला एखादा फोटो असेल तर तिथेच पुसावा, आणि मगच फोन चार्जिंगला लावावेत.